बिटकॉइनच्या खाणी आणि भागधारकाची काळजी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनातील व्याख्यानाचा विषय बहुधा मुलांचे शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च अथवा ज्ञातीचा पूर्वेतिहास यांपैकी असतो. यंदा चिटणिसांनी मजकडे सोपविलेला विषय यांपैकी कोणत्याही सदरात बसत नाही. कूटचलनाचे ‘खाणकाम’ करणाऱ्या परदेशी कंपन्यांचे शेअर आपल्या घरांतील मंडळी आता घेऊ-विकू लागली आहेत; त्यात धोका कोणता आणि तो ओळखावा कसा, हा तो विषय. काही वडील मंडळींना वाटेल की, याचा आपणांशी संबंध काय? संबंध आहे तो असा. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी सात वाजता आणि थंडीच्या दिवसांत आठ वाजता उघडतो. जेवणे आटोपून चिरंजीव फोन घेऊन गॅलरीत बसतात आणि घरच्यांना वाटते की, कचेरीचेच काम चालले आहे. काही घरांत मुलांचा पगारच नव्हे, तर वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेचाही भाग या वाटेने गेला आहे. चिटणिसांकडे याविषयी आलेल्या पृच्छा मी वाचल्या. त्यांचे सार तीन प्रश्नांत काढता येते. हा धंदा आहे की जुगार? या कंपन्या खऱ्या आहेत की खोट्या? आणि शेअर बुडाला तर पैसे कोणाकडे मागावयाचे? याच क्रमाने मी माझे विवेचन करणार आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. अमुक शेअर घ्या किंवा तमुक विका, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. हिशेबाच्या वह्या तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा मनुष्याने जेवढे सांगावे तेवढेच मी सांगेन.

प्रथम हे ‘खाणकाम’ म्हणजे काय ते पाहू. बिटकॉइन हे नाणे नव्हे आणि नोटही नव्हे. ती एका सार्वजनिक वहीतील जमेची नोंद होय. सातोशी नाकामोटो असे नाव धारण करणाऱ्या कोणा अज्ञात व्यक्तीने अथवा मंडळींनी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तिची योजना जगापुढे मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. आपल्या पेढीवर कीर्द मुनीम लिहितो आणि मालक तिच्यावर नजर ठेवतो. या वहीला मालक नाही. तिच्या प्रती जगभर हजारो यंत्रांवर असतात आणि सरासरीने दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्याचा अधिकार कोणास मिळावा याची एक चढाओढ चालते. एकामागून एक आकडे टाकून पाहावयाचे. ठरीव अटीत बसणारा आकडा ज्याला प्रथम सापडेल त्याचे पान ग्राह्य धरावयाचे. आणि बक्षीस म्हणून त्याला काही नवी बिटकॉइन द्यावयाची. या आकडेशोधाला खाणकाम हे नाव पडले आहे. त्यात विद्वत्ता लागत नाही. यंत्र लागते आणि वीज लागते. फासा जो अधिक वेळा टाकू शकेल त्याचे दान पडण्याचा संभव अधिक, इतकाच त्याचा न्याय.

आता या धंद्याचे अर्थशास्त्र ध्यानात घ्या, कारण भागधारकाची बहुतेक दुःखे येथूनच उगम पावतात. बक्षिसाची रक्कम कायमची ठरलेली नाही. दर २,१०,००० पानांनंतर ती निम्मी होते. आरंभी एका पानाला ५० बिटकॉइन मिळत. नोव्हेंबर २०१२ मध्ये ती २५ झाली, जुलै २०१६ मध्ये १२.५, मे २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. दिवसाची १४४ पाने धरली, तर आज जगातील सर्व खाणींचे मिळून दिवसाचे नवे उत्पन्न सुमारे ४५० बिटकॉइन इतकेच आहे. एप्रिल २०२४ पूर्वी ते ९०० होते. व्यवहारांवरील किरकोळ शुल्काची भर पडते ती निराळी. शिवाय दर २०१६ पानांनी, म्हणजे साधारणतः पंधरवड्याने, कोड्याची काठिण्यपातळी पुन्हा ठरविली जाते. यंत्रे वाढली की कोडे कठीण होते, घटली की सोपे होते. पान मात्र दहा मिनिटांनीच निघते.

याचा अर्थ काय होतो? आपल्याकडील साखर कारखान्याने गाळपाची क्षमता वाढविली, तर साखरेची पोती वाढतात. येथे सर्व जगाने मिळून यंत्रे दुप्पट केली, तरी एकही बिटकॉइन अधिक निघत नाही. उत्पन्नाचे ताट ठरलेले. जेवणारे वाढले की प्रत्येकाच्या पानातला घास लहान होतो. शेजाऱ्याने यंत्रे वाढविली की माझे उत्पन्न घटते आणि माझे विजेचे बिल मात्र जसेच्या तसे राहते. म्हणून प्रत्येक कंपनी सतत नवी यंत्रे घेत राहते, आणि ती पुढे जाण्यासाठी नव्हे, आहे तेथे टिकून राहण्यासाठी.

ही यंत्रेही अल्पायुषी असतात. बिटमेन या कंपनीचे २०१६ सालचे एस-९ हे यंत्र एका एककाइतक्या गणनशक्तीसाठी सुमारे ९८ वॅट वीज घेत असे. २०२० सालच्या एस-१९ प्रो या यंत्राने ते प्रमाण ३० वॅटांच्या आत आणले आणि त्यानंतरच्या एस-२१ ने १७.५ वॅटांवर. कापडगिरणीचा माग तीस-तीस वर्षे चालल्याचे आपण पाहिले आहे. येथे चार-पाच वर्षांत चालू स्थितीतले यंत्र भंगाराच्या भावाने जाते. कारण ते बिघडलेले नसते, शेजाऱ्याचे नवे यंत्र कमी वीज खात असते. एस-२१ सारखे एकच यंत्र दिवसाला ८४ युनिट वीज घेते. युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाचे ६७२ रुपये झाले. घरच्या माळ्यावर खाण काढू म्हणणाऱ्या उत्साही तरुणांनी एवढा गुणाकार अवश्य करावा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हा धंदा आहे; पण असा धंदा की, ज्याच्या नफ्याच्या चारही नाड्या चालकांच्या हाती नाहीत. बिटकॉइनचा भाव बाजार ठरवितो. वाटा प्रतिस्पर्धी ठरवितात. बक्षीस वहीचा नियम ठरवितो. आणि विजेचा दर वीजमंडळ, हवामान किंवा सरकार ठरविते. सरकारचे उदाहरण घ्या. २०२१ च्या मे-जून महिन्यांत चीनने आपल्या देशातील खाणकाम बंद पाडले आणि तोवर जगाच्या गणनशक्तीचा फार मोठा भाग ज्या देशात होता, तेथील यंत्रे एका उन्हाळ्यात पेट्यांत बंद झाली. अमेरिकेतील कंपन्यांचा वाटा त्यामुळे अनायासे वाढला आणि त्यांच्या भागधारकांना आनंद झाला. तो आनंद व्यवस्थापनाच्या कर्तृत्वाचा नव्हता, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. विजेचेही तसेच. ऑगस्ट २०२३ मध्ये टेक्सास राज्यात उष्म्याने कहर केला असता रायट प्लॅटफॉर्म्स या कंपनीने यंत्रे बंद ठेवून वीज वाचविली आणि त्याबद्दल तिला सुमारे ३ कोटी १७ लाख डॉलर मूल्याची सवलत व मोबदला मिळाला. त्या महिन्यात तिने काढलेली बिटकॉइन ३३३. त्यांची किंमत या रकमेहून पुष्कळच कमी होती. खाण न चालविता खाणीहून अधिक उत्पन्न! हे चातुर्य खरे; परंतु असे उत्पन्न त्या राज्याच्या वीजबाजाराच्या नियमांवर अवलंबून असते आणि नियम बदलणे हे कायदेमंडळाच्या हाती असते.

आता दुसरा प्रश्न: कंपन्या खऱ्या की खोट्या? याचे उत्तर एका शब्दात देणे अन्यायाचे होईल. २०१७ च्या अखेरीस बिटकॉइनचा भाव २०,००० डॉलरांच्या जवळ पोहोचला, तेव्हा अमेरिकेत नावे बदलण्याची साथच आली. बायऑप्टिक्स या जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘रायट ब्लॉकचेन’ असे नाव घेतले आणि तिचा शेअर काही आठवड्यांत कैक पटींनी चढला. थंड चहा विकणाऱ्या लाँग आयलंड आइस्ड टी या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लाँग ब्लॉकचेन’ हे नाव धारण करताच तिच्या शेअरला पंख फुटले. पुढे काय झाले? चहावाल्या कंपनीचे नाव २०१८ मध्ये नॅसडॅकच्या यादीतून गेले आणि २०२१ मध्ये तिच्या शेअरची नोंदणीच नियामक आयोगाने रद्द केली. रायटचा शेअरही २०१८ मध्ये कोसळला. पण ती कंपनी टिकली, टेक्सासमध्ये रॉकडेल येथे तिने प्रचंड वीजकेंद्र-सान्निध्याची खाण ताब्यात घेतली आणि ती खऱ्या अर्थाने धंदा करू लागली. पाटी बदललेल्या दोन दुकानांपैकी एकात मालच नव्हता आणि दुसऱ्यात पुढे माल आला. पाटीवरून हा भेद कळला नसता. वह्यांवरून कळला असता.

मुंबईकरांना हा प्रकार नवा वाटू नये. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या पैशाने मुंबईला असाच ज्वर चढला होता. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरला सुमारे ५०,००० रुपये भाव आल्याचे नमूद आहे. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, जुलैमध्ये वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या; बँक ऑफ बॉम्बेलाही पुढे १८६८ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. लक्षात घ्या, बॅक बेची कल्पना खोटी नव्हती. समुद्रात पुढे जमीन निघालीच. आज त्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत. परंतु ती निघाली तेव्हा १८६४ चा भागधारक तेथे नव्हता. कल्पना खरी असणे आणि तिच्यावर पैसे लावणाऱ्याचे कल्याण होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. माझ्या आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य आपण घरी नेणार असाल, तर हे न्यावे.

याचे अर्वाचीन उदाहरण म्हणून लंडनच्या आर्गो ब्लॉकचेन या कंपनीचा वृत्तान्त थोडा विस्ताराने सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लंडनच्या शेअरबाजारात १६ पेन्स भावाने तिचे शेअर विकले गेले. कूटचलनाच्या क्षेत्रातील त्या बाजारात नोंदलेली ही पहिलीच कंपनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच शेअर अडीचशे पेन्सांच्याही वर गेला. भरतीच्या या दिवसांत कंपनीने मोठे बेत आखले. टेक्सास राज्याच्या डिकन्स परगण्यात ‘हेलिओस’ नावाची विशाल खाण उभारावयाचे ठरले. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दहा शेअरांचा एक याप्रमाणे गठ्ठे करून प्रत्येकी १५ डॉलर भावाने तिने ११ कोटी डॉलरांहून अधिक भांडवल उभे केले, त्यानंतर ८.७५ टक्के व्याजाचे ४ कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढले. यंत्रे तारण ठेवूनही कर्ज घेतले. २०२१ च्या अखेरीस तिच्या तिजोरीत अडीच हजारांहून अधिक बिटकॉइन होती. मे २०२२ मध्ये हेलिओसचे उद्घाटन झाले. येथवर सर्व काही मंगल होते.

पण याच सुमारास तिन्ही बाजूंनी चक्रे उलटी फिरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरांच्या आसपास गेलेला बिटकॉइनचा भाव पुढील वर्षभरात १६,००० च्या आसपास आला. युक्रेनच्या युद्धामुळे नैसर्गिक वायू महागला व त्याबरोबर टेक्सासमधील वीज महागली. आणि हेलिओससाठी ठरीव दराचा वीजकरार झालेला नव्हता. कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या दिवशी येतच राहिले. कंपनीने बिटकॉइन विकली. वर्षअखेर शिल्लक दीडशेच्या आत आली. न उघडलेली ३,८४३ यंत्रे विकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका गुंतवणूकदाराकडून यावयाचे भांडवल येत नाही असे तिने जाहीर केले आणि शेअर त्याच दिवशी कोसळला. डिसेंबरमध्ये तर असे घडले की, दिवाळखोरीच्या अर्जाचा कच्चा मसुदा कंपनीच्याच संकेतस्थळावर चुकून प्रसिद्ध झाला. शेअरचे व्यवहार काही काळ स्थगित करावे लागले. ज्याच्याजवळ शेअर होते त्याला त्या काळात ते विकताही येईनात, हे विशेष ध्यानात घ्या. अखेर २८ डिसेंबर २०२२ रोजी गॅलेक्सी डिजिटल या कंपनीने हेलिओस साडेसहा कोटी डॉलरांस विकत घेतले आणि साडेतीन कोटी डॉलर कर्जाऊ दिले. दिवाळखोरी टळली, परंतु घर विकून. २०२५ मध्ये कंपनीच्या पुनर्रचनेची जी योजना मांडली गेली, तिच्यात नव्या धनकोला शेकडा ८७.५ भाग, रोखेधारकांना १० आणि जुन्या सर्व भागधारकांना मिळून शेकडा अडीच भाग, अशी वाटणी होती; लंडनच्या बाजारातील नोंदणी सोडणे हाही त्या योजनेचाच अंश होता.

आणि हेलिओसचे काय झाले? त्याच जागेवर, त्याच वीजजोडणीवर गॅलेक्सीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणनासाठी केंद्र उभारण्याचे हाती घेतले आणि कोअरवीव्ह या कंपनीशी त्याचे दीर्घ मुदतीचे करार केले. जमीन खरी होती, वीज खरी होती, दूरदृष्टीही काही अंशी खरी होती. बॅक बेचीच पुनरावृत्ती झाली.

नाण्याची दुसरी बाजूही निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. टेक्सासमधीलच कोअर सायंटिफिक ही या क्षेत्रातील एक सर्वांत मोठी कंपनी. जानेवारी २०२२ मध्ये ती बाजारात आली आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी तिने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. शेअर डॉलरचे नाव सोडून सेंटांत मोजला जाऊ लागला. तथापि तिच्या खाणी चालू राहिल्या, धनकोंशी तडजोड झाली, जुन्या भागधारकांनाही नव्या भांडवलात वाटा मिळाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा बाजारात आली. जून २०२४ मध्ये तिनेही कोअरवीव्हशी बारा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी तिचा शेअर दहा डॉलरांच्या पुढे गेला. म्हणजे एकाच महिन्यात संकटात सापडलेल्या दोन कंपन्या. एकीचा भागधारक जवळजवळ नामशेष झाला आणि दुसरीचा तगला. डिसेंबर २०२२ मध्ये यांपैकी कोणती कोणत्या वाटेने जाणार हे निश्चयाने सांगणे जाणत्यांनाही कठीण होते. गॅलरीत बसून फोनवर आलेख पाहणाऱ्यास ते कसे कळावे?

आता शेअरच्या प्रत्यक्ष घेऊ-विकूसंबंधी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट भागांच्या वाढत्या संख्येची. या कंपन्यांस यंत्रांसाठी सतत पैसा लागतो आणि तो मिळविण्याचा सोपा मार्ग म्हणजे चालू बाजारात नवे शेअर विकत राहणे. मॅराथॉन डिजिटल या प्रसिद्ध कंपनीचे शेअर २०२० च्या अखेरीस सुमारे ८ कोटी होते. २०२३ च्या अखेरीस ते सुमारे २४ कोटी झाले. ज्याच्याजवळ तीन वर्षांपूर्वीचे शंभर शेअर होते त्याच्याजवळ शंभरच राहिले. मात्र कंपनीतील त्याचा हिस्सा एक तृतीयांशावर आला. वडिलांच्या पश्चात शेत तीन भावांत वाटले गेले तर कोणालाही कळते. येथे वाटणी रोज होते आणि तिची वर्दी कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बिटकॉइनचा बाजार आठवड्याचे सातही दिवस, अहोरात्र चालतो. शेअरबाजार शनिवार-रविवारी बंद असतो. शनिवारी रात्री बिटकॉइन घसरले, तर सोमवारी शेअर थेट खालच्या भावानेच उघडतो. ‘अमुक भावाखाली जाताच विका’ असा हुकूम देऊन ठेवणाऱ्यांस वाटते की, आपण तटबंदी केली. परंतु मधल्या भावांना सौदाच होत नाही. तटाचे दार उघडते तेव्हा शत्रू आत आलेला असतो.

तिसरी गोष्ट यादीतून वगळले जाण्याची. नॅसडॅकवर ज्याचा भाव सलग तीस कामकाजी दिवस एक डॉलरच्या खाली राहतो, त्या कंपनीला नोटीस मिळते व सुधारण्यास मुदत दिली जाते. मग कंपनी दहा शेअरांचा एक करून भाव वर आणते. फोनच्या पडद्यावर आकडा मोठा दिसू लागतो आणि अजाण मनुष्य हर्षित होतो. पण दहा चवल्यांचे नाणे मोडून एक नाणे केले म्हणून श्रीमंती वाढत नाही.

चौथी गोष्ट हिशेबाची. अमेरिकेतील हिशेबमानके ठरविणाऱ्या मंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये असा नियम केला की, कंपनीजवळील कूटचलन चालू बाजारभावाने ताळेबंदात दाखवावे. नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे तिमाहीच्या नफ्यात कष्टाची कमाई किती आणि शिल्लक मालाचा भाव चढल्याची कागदी वाढ किती, हे वाचणाऱ्याने स्वतः वेगळे केले पाहिजे. या कंपन्यांचे वार्षिक अहवाल अमेरिकी नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. त्यात निदान पाच गोष्टी पाहाव्या: वीज ठरीव दराची आहे की बाजारदराची, शेअरांची संख्या दरसाल किती वाढली, कर्ज किती आणि तारण काय दिले आहे, शिल्लक बिटकॉइन मोकळी आहेत की गहाण, आणि ‘कंपनी पुढे चालू राहील की नाही याविषयी शंका आहे’ असे हिशेबतपासनिसांनी कोठे म्हटले आहे काय. हे पाच प्रश्न ज्याला वाचावयाचे नाहीत, त्याने तो शेअर घेऊ नये.

आता तिसरा प्रश्न: शेअर बुडाला तर पैसे कोणाकडे मागावयाचे? उत्तर कठोर आहे: कोणाकडेही नाही. कंपनी मोडली तर प्रथम तारणधारक धनको, मग इतर देणेकरी व रोखेधारक, आणि पंगत उठल्यावर काही उरले तर भागधारक. लबाडी झाली असेल तर कायदा आहे. पण भाव उतरणे ही लबाडी नव्हे. याउलट, लबाडी कशी असते तेही आपण आपल्या राज्यात पाहिले आहे. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत खाणकामाच्या नावाखाली दरमहा दहा टक्क्यांप्रमाणे अठरा महिने परतावा देण्याचे आमिष दाखविले गेले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधारास अटक केली आणि २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविली. ज्या धंद्याचे उत्पन्न दर पंधरवड्यास बदलते, त्यात दरमहा ठरीव टक्के देऊ म्हणणारा मनुष्य खाण चालवीत नसतो, हे आपणांस आता सहज उमगेल. नोंदलेल्या कंपनीचा शेअर आणि अशी योजना यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे. पहिल्यात जोखीम आहे, दुसऱ्यात फसवणूक.

कायद्याच्या बाबी संक्षेपाने सांगतो. कूटचलन प्रत्यक्ष विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर बसविण्यात आला आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातून वजा करण्याची मुभा नाही. खाण-कंपनीचा शेअर मात्र शेअर म्हणूनच गणला जातो; परदेशी शेअर चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास, २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे १२.५ टक्के. या फरकामुळेच कित्येकजण शेअरकडे वळले. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, परंतु ती व्यक्तीला, एकत्र कुटुंबाला नव्हे; आणि उसनवारीच्या सौद्यांसाठी तर मुळीच नव्हे. परदेशी शेअरची नोंद आयकराच्या विवरणात करणे बंधनकारक आहे. तोटा झाला तरीही. वृद्ध मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. साठ हजार डॉलरांहून अधिक मूल्याचे अमेरिकी शेअर मागे ठेवून एखादा परदेशस्थ निवर्तला, तर तेथील मृत्युकराचा प्रश्न त्याच्या वारसांपुढे उभा राहतो.

आपल्या शिक्षणनिधीचा काही भाग अशा शेअरांत घालावा, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केल्याचे चिटणिसांकडून समजले. त्यांचा हेतू निर्मळ आहे. शिष्यवृत्तीची रक्कम महागाईला पुरी पडत नाही हे खरेच आहे. तथापि ही सूचना स्वीकारता येणार नाही. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे ठेवावा याची चौकट १९५० च्या कायद्याने आखून दिली आहे आणि तिच्याबाहेर पाऊल टाकावयाचे तर धर्मादाय आयुक्तांची अनुज्ञा लागते. रिझर्व्ह बँकेची सवलतही संस्थेला लागू नाही. परंतु कायदा आड आला नसता तरी मी हेच म्हटले असते. स्वतःच्या पैशाने जोखीम घेणे हे धाडस आहे. दुसऱ्याच्या मुलीच्या फीच्या पैशाने जोखीम घेणे हे धाडस नव्हे.

आणि हाच न्याय घरालाही लागू आहे. तरुणांनी नव्या विद्येकडे पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. ज्या पिढीने टपाल कचेरीतल्या पुस्तकापलीकडे पाहिले नाही, तिने बॅंकेत ठेवलेल्या पैशाची किंमत महागाईने कशी कुरतडली तेही मी पाहिले आहे. कमावत्या मुलाने, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून, विमा उतरवून, सर्वस्वी बुडाली तरी झोप उडणार नाही एवढी रक्कम अशा शेअरांत घातली, तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र दोन अटी त्याने स्वतःवर घालाव्या. कर्ज काढून शेअर घेऊ नये. आणि घरापासून लपवून घेऊ नये. वडील मंडळींनाही माझी विनंती आहे. मुलाने विषय काढताच ‘जुगार’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. ज्या घरात विचारण्याची सोय असते त्या घरात तोटा शंभर रुपयांवर थांबतो; ज्या घरात ती नसते तेथे तो भरून काढण्याच्या नादात दागिन्यांपर्यंत पोहोचतो. खरेदीपूर्वी त्या पाच प्रश्नांची उत्तरे मुलाने बापाला मराठीत समजावून सांगावी. सांगता आली तर त्याला विषय कळला. सांगता आली नाहीत तर खरेदी पुढे ढकलावी. यासाठी कोणत्याही तज्ज्ञाची फी पडत नाही.

आपणही याबाबत थोडे साहाय्य करू शकतो. माझी कार्यकारी मंडळास सूचना अशी आहे की, ज्ञातीतील हिशेबतपासनीस, बँकांतील निवृत्त अधिकारी व वकील यांनी महिन्यातून एक सायंकाळ कार्यालयात बसावे आणि सभासद कुटुंबांना अहवाल वाचावयास, करविवरण भरावयास मदत करावी. सल्ला देऊ नये, विक्री करू नये. केवळ वाचावयास शिकवावे. शिक्षणनिधीतून आपण मुलांना शाळेची पुस्तके देतो. ताळेबंद वाचता येणे हेही आता शिक्षणच आहे.